देखाव्यातले वारकरी मधेच का थबकतात?

*सप्रेम नमस्कार. यंदा घरच्या गणपतीपुढे दिंडीचा हलता देखावा करतो आहे. पुठ्ठ्याचे सहा वारकरी, प्रत्येकाचा टाळाचा हात एकेका एसजी-९० सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर). पालखी डुलवायला एक एमजी-९९६आर आणि पताका हलवायला दुसरा. सगळे अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडले आहेत आणि उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. दोन वारकरी छान टाळ वाजवतात. तिसरा जोडला की सगळेच थरथरतात आणि पालखी जोडली की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून पाहिली, तिनं पाच मिनिटांत मान टाकली. दुकानात १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर सुचवला. मित्र म्हणतो, ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे कमी व्होल्ट करून देणारा सप्लाय) घे. पण दहा अँपिअरनं एवढेसे सर्व्हो जळणार नाहीत का? शिवाय विसर्जनाच्या दिवशी तासभर देखावा सोसायटीच्या आवारात न्यायचा आहे. तेव्हा बॅटरीवर चालेल का?*
*– एक वाचक, कोथरूड*

मित्राचं ऐका, दुकानातला सल्ला सोडून द्या. पण आधी तुमची भीती काढू, कारण ती पुष्कळांना असते.

सप्लायवर छापलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, एवढंच. तो करंट सर्व्होच्या घशात कोंबला जात नाही. सोसायटीच्या गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी आहे म्हणून बेसिनचा नळ फुटत नाही. नळ जेवढा उघडाल तेवढंच पाणी येतं. नळावर ताण येतो तो टाकी फार उंच नेली तर, आणि ती उंची म्हणजे व्होल्ट. एसजी-९० ला ४.८ ते ६ व्होल्ट चालतात, एमजी-९९६आर ला ४.८ ते ७.२. या मर्यादेतला ५ व्होल्टचा सप्लाय २ अँपिअरचा असो की ४० चा, सर्व्हो आपल्याला हवा तेवढाच करंट ओढणार. उलट १२ व्होल्ट थेट लावलेत, तर अडॅप्टर १ अँपिअरचा असला तरी एसजी-९० च्या पोटातलं सर्किट धूर सोडून मोकळं होईल. म्हणून आधी व्होल्ट जुळवायचे आणि मग अँपिअर भरपूर घ्यायचे, या क्रमानं.

मोठ्या सप्लायला एक धोका आहेच, पण तो सर्व्होला नसून शॉर्ट झालेल्या वायरीला आहे. त्यावर फ्यूजच्या ठिकाणी बोलू.

आता सध्या तुमच्याकडे काय होतंय ते बघा. एसजी-९० मोकळा हलताना साधारण ०.१ ते ०.२५ अँपिअर घेतो. शाफ्ट अडवून धरला की तोच ०.६ ते ०.७ अँपिअर ओढतो. हा दुसरा आकडा म्हणजे स्टॉल करंट. एमजी-९९६आर चालताना ०.५ ते ०.९ अँपिअर घेतो आणि अडकला की ६ व्होल्टवर २.५ अँपिअरपर्यंत जातो. अनेकांना वाटतं, ‘आपला सर्व्हो कुठे अडकतोय, मग स्टॉलचा हिशेब कशाला?’ तर प्रत्येक वेळी हालचाल सुरू होताना मोटर थांबलेलीच असते. फिरणारी मोटर उलट दिशेला स्वतःचं व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आवरला जातो. थांबलेल्या मोटरीत तो आवर नसतो. म्हणून सुरुवातीचे काही मिलिसेकंद ती जवळपास स्टॉलइतकाच करंट ओढते. टाळाचा प्रत्येक ठोका ही अशी एक सुरुवात आहे, आणि हात मागे नेताना आणखी एक.

लॅपटॉपचं साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतं. उनोवर यूएसबीच्या वाटेवर बसवलेला, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूजही ५०० मिलिअँपिअरचाच आहे. दोन वारकरी चालतात ते कसेबसे. तिसरा सुरू झाला की ५ व्होल्ट खाली घसरतात, सर्व्होच्या आतलं नियंत्रण गोंधळतं आणि थरथर सुरू होते. पालखीचा मोठा सर्व्हो आला की व्होल्टेज इतकं कोसळतं की उनोची चिप स्वतःच रीसेट होते. तिच्यात २.७ व्होल्टच्या खाली थांबण्याची सोय केलेली असते. रीसेटनंतर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, सगळे सर्व्हो एकदम ९० अंशांकडे झेपावतात, व्होल्टेज पुन्हा कोसळतं आणि पुन्हा रीसेट. बोर्ड बिघडलेला नाही, कोडही बहुधा ठीक आहे.

चौकोनी बॅटरीचं तर नावच काढू नका. ती स्मोक अलार्म आणि मल्टीमीटरसाठी आहे. तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतच होणारा अडथळा, अल्कलाइनमध्येसुद्धा दीड-दोन ओहम असतो, साध्या स्वस्त बॅटरीत आणखी जास्त. २ अँपिअर मागितले की ३-४ व्होल्ट तिच्या पोटातच संपतात. वर ती उनोच्या गोल जॅकमधून दिली, तर उरलेले जास्तीचे व्होल्ट उनोवरचा रेग्युलेटर उष्णता म्हणून जाळतो. १२ व्होल्टच्या अडॅप्टरचंही तेच. जॅकजवळच्या डायोडचे ०.७ व्होल्ट वजा केले तरी रेग्युलेटरला ६.३ व्होल्ट जिरवावे लागतात. अर्धा अँपिअर घेतला तर ३ वॅटहून जास्त उष्णता, तीही नखाएवढ्या चिपमध्ये. ती तापून स्वतःला बंद करते, थंड झाली की परत चालू होते. देखावा मिनिटभर चालतो, मिनिटभर थांबतो आणि घरातले म्हणतात ‘वारकरी विसाव्याला बसले’.

उनो फक्त नारिंगी वायरीतून इशारा देण्यासाठी आहे. सर्व्होची वीज त्याच्यातून जाताच कामा नये. एखादाच एसजी-९० असेल तर चालून जातं. तुमच्याकडे आठ सर्व्हो आहेत.

आता हिशेब. सहा एसजी-९० गुणिले ०.७ म्हणजे ४.२ अँपिअर. दोन एमजी-९९६आर गुणिले २.५ म्हणजे ५. एकूण ९.२. सगळे एकाच क्षणी सुरू झाले तर लागणारा हा कमाल करंट. रोबोटच्या हातात सगळे सांधे एकदम क्वचितच सुटतात, म्हणून तिथे थोडी सूट घेता येते. दिंडीत नाही. तुमचे सहाही वारकरी एकाच ठेक्यावर हात उचलणार. त्यामुळे ९.२ हा आकडा तुमच्यासाठी पुस्तकी नाही. सरासरी मात्र बरीच कमी आहे. एसजी-९० चे मिळून १.२ आणि मोठ्या दोघांचे १.४ धरले तरी २.६ अँपिअर. पुष्कळ जण ही सरासरी बघून ३ अँपिअरचा सप्लाय आणतात आणि मग सर्व्हो खराब निघाले म्हणून परत करायला जातात.

५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय घ्या. स्वस्त एसएमपीएसवरचा आकडा सलग मिळेलच असं धरू नका. नेहमीचा भार छापील आकड्याच्या ७०-८० टक्क्यांच्या आत असावा. इथे सलग भार २.६ चा आहे, म्हणजे सप्लाय संध्याकाळभर थंड राहील आणि झटके तेवढे पेलेल. ५ अँपिअरचा घेतला आणि प्रोग्रॅममध्ये सगळ्यांना थोडं मागेपुढे सोडलं तर? मोठा एक सुरू होताना २.५, दुसरा चालतोय ०.७, सहा वारकरी १.२, म्हणजे ४.४. कागदावर बसतं, पण एखादा हात अडकला की मर्यादा ओलांडली. मग बरेचसे एसएमपीएस भार जास्त झाला की बंद होतात, पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा बंद. ‘टिक… टिक… टिक…’ असा आवाज आला तर तो हाच. पाच अँपिअरची काटकसर इथे नको.

५ व्होल्टवर मोठ्या सर्व्होला ताकद पुरेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न इथे येतोच. एमजी-९९६आर ४.८ व्होल्टवर साधारण ९.४ किलो-सेंमी टॉर्क, म्हणजे वळवण्याची ताकद, देतो. पुठ्ठ्याची पालखी २५० ग्रॅमची आणि ती शाफ्टपासून ६ सेंमीवर टेकलेली असेल, तर ०.२५ गुणिले ६, म्हणजे १.५ किलो-सेंमी. कमाल टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या आत असलं की सर्व्हो सुखात असतो. तुम्ही त्याच्याही पुष्कळ खाली आहात. ६ व्होल्टच्या मागे लागायची गरज नाही. पालखीत पितळी पादुका ठेवायच्या असतील तर मात्र आधी वजनकाट्यावर ठेवून हा गुणाकार पुन्हा करा. पताकेची काठी हलकी असली तरी लांब असते, आणि झटक्यात दिशा बदलली की तिचं जडत्व सर्व्होला ओढतं. तिचा वेग कमी ठेवा.

बाजारात दोन प्रकार दिसतील. एक, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला, स्क्रूच्या टर्मिनलचा एसएमपीएस, जो एलईडी पट्ट्यांना वापरतात. दुसरा, लॅपटॉपसारखा बंद ठोकळ्याचा अडॅप्टर. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पहिला सहज मिळतो. ५ व्होल्ट १० अँपिअरचा बंद अडॅप्टर शोधावा लागेल, पण घरात लहान मुलं असतील तर शोधण्याचे कष्ट घ्याच. पत्र्याच्या सप्लायवर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण कोणीतरी कधीतरी काढून ठेवतंच. पहिलाच घेतलात तर तो भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये बसवा. तीन पिनांची केबल वापरा, पिवळी-हिरवी वायर अर्थच्या स्क्रूला लावाच आणि केबल बॉक्समधून बाहेर येते तिथे क्लॅम्पनं आवळा. बाजूला ११०/२३० चा छोटा स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, हे वीज देण्याआधी बघा. बॉक्स कापडी पडद्याच्या मागे गुंडाळून ठेवू नका, आणि समईच्या किंवा अभिषेकाच्या पाण्याच्या रेषेत तर नकोच. पाणी पाटावरून कुठे वाहतं ते पहिल्याच पूजेला कळतं. तेव्हा हलवण्यापेक्षा आधीच उंचावर ठेवा. २३० व्होल्टच्या बाजूची सवय नसेल तर एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

इथपर्यंत सगळे करतात. देखावा फसतो तो पुढच्या टप्प्यावर, म्हणजे वायरिंगमध्ये.

सप्लायच्या टोकाला ५ व्होल्ट असून भागत नाही. ते सर्व्होच्या प्लगमध्ये हवेत. तुमचा देखावा दीड मीटर रुंद आहे असं धरू. २६ गेजच्या बारीक वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. जाऊन-येऊन ३ मीटर झाले, म्हणजे ०.४ ओहम. एमजी-९९६आर नं २ अँपिअर ओढले की ०.८ व्होल्ट वायरीत गेले आणि त्याच्यापर्यंत पोहोचले जेमतेम ४.२. दहा काय, शंभर अँपिअरचा सप्लाय आणलात तरी हा आकडा बदलणार नाही. ब्रेडबोर्डची (वायरी नुसत्या खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीची) स्प्रिंग फार तर एखाद-दुसऱ्या अँपिअरची. तिच्यातून दिंडी नेली तर प्लॅस्टिक मऊ पडतं. रंगीत जम्पर वायरी फक्त इशाऱ्यासाठी ठेवा.

घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची वायर घ्या, लाल आणि काळी प्रत्येकी दोन मीटर. तिचा रोध मीटरला ०.०१३ ओहमच्या आसपास. ३ मीटरच्या फेऱ्यात ५ अँपिअरला ०.२ व्होल्टच घट. ही जोडी देखाव्याच्या मागच्या बाजूनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. जिथे सर्व्हो आहे तिथे स्क्रूच्या पट्टी-कनेक्टरमधून फाटा काढा. प्रत्येक सर्व्होच्या शेपटीतली लाल वायर लाल जोडाला, तपकिरी वायर काळ्या जोडाला. नारिंगी तेवढी उनोकडे. फाट्याची बारीक वायर वीतभरापेक्षा लांब नको. दोन मोठ्या सर्व्होंसाठी सप्लायपासूनच वेगळी जोडी ओढलीत तर पालखीचा झटका वारकऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. वायर थोडी जास्त लागते, पण थरथर थांबवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

आणि आता फ्यूज. काळ्या-लालचा चुकून स्पर्श झाला तर दहा अँपिअरचा सप्लाय बारीक वायरीला लालबुंद करू शकतो, तेही पुठ्ठा आणि कापडाच्या शेजारी. वारकऱ्यांच्या जोडीला ५ अँपिअरचा आणि मोठ्या प्रत्येक सर्व्होला ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज, धारकासकट, सप्लायच्या अगदी जवळ लाल वायरीत घाला. सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांच्या झटक्यानं तो उडत नाही.

उनोला वीज वेगळी द्या. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर आणि यूएसबी केबल पुरे. पण उनोचा ग्राउंड आणि एसएमपीएसचं उणे टोक यांच्यामध्ये एक वायर हवीच. ती विसरली की सर्व्हो वेड्यासारखे वागतात, कारण नारिंगी वायरीतला ५ व्होल्टचा ठोका कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट आहे हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ‘वेगळा सप्लाय लावला तर आणखीच बिघडलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच एक वायर असते. ही वायर उनोवरून थेट सप्लायच्या टर्मिनलवर न्या. सर्व्होच्या तपकिरी वायरी मात्र उनोच्या ग्राउंड पिनेत खोचू नका, नाहीतर सगळ्यांचा परतीचा करंट बोर्डावरून जाईल आणि जे टाळायचं होतं तेच होईल. दोन्ही सप्लायचे लाल कधीही एकत्र करायचे नाहीत. चार्जर आणि एसएमपीएस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, एकाच बटणावर ठेवा.

कपॅसिटरबद्दल, म्हणजे थोडी वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाबद्दल, बाजारात जरा जास्तच श्रद्धा आहे. १००० मायक्रोफॅरडचा लावला की सगळं ठीक होतं, असं सांगतात. गणित करून बघा: २.५ अँपिअर एक मिलिसेकंद एकट्या कपॅसिटरनं द्यायचे ठरवले तर त्याचं व्होल्टेज तेवढ्यात २.५ व्होल्टनं उतरतं. म्हणजे तो सप्लायची जागा घेऊ शकत नाही. सप्लाय आणि लांब वायर जागी होईपर्यंतची पहिली चणचण तेवढी तो भरून काढतो. तेवढ्यासाठी तो लावाच: प्रत्येक मोठ्या सर्व्होच्या जोडाजवळ १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, आणि दर दोन वारकऱ्यांमागे ४७० मायक्रोफॅरड. पांढऱ्या पट्ट्याची बाजू काळ्या वायरीला. उलटा लावला तर फुगतो, कधी फुटतो.

सप्लायच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू फिरवून, सर्व्हो जोडण्याआधी, मल्टीमीटरवर ५.२ व्होल्ट लावून घ्या. वायरीत जे थोडं जातं ते त्यातून भरून निघतं आणि ६ च्या मर्यादेपासून आपण लांबच राहतो.

प्रोग्रॅममध्ये दोन बदल. पहिला, सहाही हात एकाच क्षणी सोडू नका, प्रत्येकात ३०-४० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. सर्व्होला इशारा दर २० मिलिसेकंदांनी जातो, त्यामुळे त्याहून कमी अंतर ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या आणि सहाव्या वारकऱ्यात दोन दशांश सेकंदांपर्यंत फरक पडेल. चांगल्या दिंडीचे टाळ एकसाथ पडतात हे खरं, पण बघणाऱ्याला पुठ्ठ्याची दिंडी थोडी मागेपुढे असलेलीच जास्त जिवंत वाटते. दुसरा, सुरुवातीला अटॅच करण्याच्या (सर्व्होला इशारा सुरू करण्याच्या) आधी राइटची (कोन देण्याची) ओळ लिहून प्रत्येक हाताचा आरंभीचा कोन द्या. मग वीज येताच सगळे ९० अंशांकडे उडी मारणार नाहीत. अटॅचसुद्धा एकेक करून, मध्ये अर्धा सेकंद थांबून करा. आठ सर्व्होंना उनो पुरतो, त्याची सर्व्हो लायब्ररी बारापर्यंत चालवते. १६ सर्व्होंचा पीसीए-९६८५ बोर्ड कोणी सुचवला तर गरज नाही. घेतलाच असेल तर मोठ्या दोघांची वीज त्याच्या हिरव्या टर्मिनलमधून नेऊ नका.

आता टाळांकडे या. पत्रातल्या ‘टाळ वाजवतात’ या शब्दांमुळे काळजी वाटली. दोन टाळ खरोखर एकमेकांवर आपटत असतील आणि प्रोग्रॅममधला कोन त्याच्याही पुढचा असेल, तर सर्व्हो तिथे पोहोचूच शकत नाही आणि पूर्ण जोर लावत राहतो. म्हणजे ०.७ अँपिअर, क्षणभरासाठी नव्हे तर हात मागे येईपर्यंत. हात बंद स्थितीत थांबवला असेल तर सलग. एसजी-९० चे दात प्लॅस्टिकचे आहेत. ते झिजतात किंवा मोटर जळते, आणि दोष सप्लायला लागतो. टाळ टेकण्याच्या २-३ अंश आधी हात थांबवा. आवाज स्पीकरवर लावा. प्रत्येक वारकऱ्याचा शेवटचा कोन वेगळा निघेल, कारण शाफ्टवर आडवी पट्टी बसवताना एक दात इकडे-तिकडे होतोच. सहांसाठी एकच आकडा वापरू नका.

सेकंदाला एक ठोका धरला तर तासाला ३६०० ठोके. रोज पाच तास देखावा चालला तर दहा दिवसांत १ लाख ८० हजार. एसजी-९० कडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मिनिटभर भजन, मिनिटभर विसावा असा प्रोग्रॅम केला तर झीज निम्म्यावर येते. दोन एसजी-९० सुटे आणून ठेवा. धातूच्या दातांचे एमजी-९०एस त्याच मापाच्या खाचेत जवळजवळ तसेच बसतात. बजेट असेल तर तेच घ्या. विसाव्यात वारकऱ्यांना डिटॅच केलंत, म्हणजे इशारा थांबवलात, तर त्यांची गुणगुण थांबते. पालखीला डिटॅच करू नका, ती खाली येईल.

जोडणी झाली की एकदम सगळं सुरू करण्याचा मोह आवरा. आधी एकच वारकरी. मग सहा. मग पालखी. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपमध्ये ‘सुरू’ असा शब्द सीरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) छापायला लावा आणि या चाचणीपुरता उनो लॅपटॉपवर ठेवा. देखावा चालू असताना तो शब्द दुसऱ्यांदा दिसला, की बोर्ड रीसेट झाला असं समजा. मल्टीमीटर सर्वांत लांबच्या सर्व्होच्या जोडावर लावून ठेवा. हालचालीत तो ४.८ च्या खाली जाता कामा नये. साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे मिलिसेकंदांच्या घसरणी त्याला दिसत नाहीत. म्हणून पालखीला बोटानं सेकंदभर हलकेच अडवून आकडा वाचा. तिथे ४.५ दिसला तर सप्लाय बदलण्याआधी वायर आणि स्क्रू तपासा. सप्लायच्या टर्मिनलवर त्याच वेळी ५.२ असेल, तर दोष सप्लायचा नाहीच.

एसजी-९० आणि एमजी-९९६आर यांच्या नकला इतक्या आहेत की छापील आकड्यांवर पूर्ण विसंबू नये. एक सर्व्हो एकटाच सप्लायवर घ्या, मल्टीमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून लाल वायरीच्या मध्ये घाला, आडवी पट्टी सेकंदभर धरा आणि आकडा लिहून घ्या. मोजून झालं की प्रोब ताबडतोब व्होल्टच्या खोबणीत परत लावा. तसाच ठेवून कोणी सप्लायचं व्होल्टेज मोजायला गेलं तर तो सरळ शॉर्टच. शेवटी तासभर चालवून प्रत्येक जोडाला आणि सर्व्होला हात लावा. सर्व्हो कोमट असेल तर ठीक. बोट ठेवता येत नसेल तर तो कुठेतरी अडतोय. जोड गरम असेल तर स्क्रू सैल आहे.

विसर्जनाच्या दिवसाचं. पॉवर बँक नको. साधारण २-३ अँपिअरच्या वर मागणी गेली की बहुतेक पॉवर बँक बंद होतात. सुटे लिथियम सेल हौशी लोक वापरतात, पण दोन सेल मिळून ८.४ व्होल्टपर्यंत जातात, ते थेट देता येत नाहीत, आणि साधे सेल असे झटके आवडीनं देत नाहीत. तुमच्यासाठी यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी योग्य. वजन दोन-अडीच किलो, पण देखाव्याच्या पाटाखाली मावते. तिच्यात ८४ वॅट-तास ऊर्जा. तुमची सरासरी गरज ५ व्होल्टवर २.६ अँपिअर, म्हणजे १३ वॅट, आणि रूपांतरातली तूट धरून १५. तास काय, मिरवणूक रेंगाळली तरी पुरेल.

१२ चे ५ करायला बक कन्व्हर्टर लागेल. एलएम-२५९६ चा ३ अँपिअरचा लोकप्रिय मॉड्यूल इथे अपुरा. हीटसिंकशिवाय त्याच्याकडून दोनाच्या वर मागू नये. एक्सएल-४०१५ चे ५ अँपिअरवाले दोन घ्या, एक वारकऱ्यांना, एक पालखी-पताकेला. सलग तीनच्या आसपास ते सुखात असतात आणि तुमची सरासरी त्याच्या निम्म्यावरच आहे. दोघांचं उणे टोक एकत्र, लाल वेगळे. उनोला मात्र बॅटरीचे १२ व्होल्ट जॅकमधून देऊ शकता, कारण आता त्याच्यावर सर्व्होंचा भार नाही आणि त्याचा स्वतःचा करंट किरकोळ आहे. बॅटरीच्या अधिक टोकाला लगेच १० अँपिअरचा फ्यूज.

एक चूक इथे हमखास होते. नवा मॉड्यूल पाकिटातून काढला की त्याचं आउटपुट ५ व्होल्टवर नसतं. कधी कधी बॅटरीइतकेच व्होल्ट बाहेर येतात. आधी सर्व्हो जोडून मग स्क्रू फिरवणाऱ्यानं सर्व्हो घालवलेच म्हणून समजा. मॉड्यूल एकटा बॅटरीला लावा, मल्टीमीटर आउटपुटवर ठेवा आणि पितळी स्क्रू डावीकडे फिरवत राहा. सुरुवातीचे कित्येक वेढे काहीच हलत नाही, मग आकडा उतरायला लागतो. ५.२ वर थांबा, बॅटरी काढून परत लावा, आकडा तोच येतो ना बघा. मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे ढोल-ताशाच्या दणक्यात तो हलणार नाही.